थावरूकाकांची गाडी ठरता ठरत नाही

नव्या गाडीचं दर्शन लोक समोरून घेतात, थावरूकाका मागून घेतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावाबाहेर रस्त्यालगत जो पेट्रोल पंप आहे, तिथं कोणतीही नवी कोरी गाडी थांबली की काका खांद्यावरचा दुपट्टा सावरत तिच्या मागे जातात. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतात. दुपट्ट्याचं पांढरं टोक बोटाला गुंडाळतात आणि धूर सोडायच्या नळीत घालून, कानातला मळ काढावा तसं हळूहळू गोल फिरवतात. मग ते टोक उन्हात धरतात, नाकाशी नेतात आणि गाडीमालकाला निकाल सांगतात. मालकानं विचारलेलं नसतं, हा भाग वेगळा.

एकदा यवतमाळचं एक जोडपं पेट्रोल भरायला थांबलं होतं. गाडीवर अजून झेंडूची माळ होती. नवरा हवा कुठं भरून मिळते ते विचारायला गेला आणि बाईंनी आरशात पाहिलं, तर एक धोतरवाला म्हातारा मागे वाकून काहीतरी करतोय. त्या ओरडल्या, "अहो, हा माणूस गाडीतून काहीतरी काढतोय!" नवरा धावत आला. काका शांतपणे उठले आणि म्हणाले, "काढून नाई राह्यलो बाई, पाहून राह्यलो. तुमची गाडी सोज्वळ हाय."

त्या गृहस्थानं पंपावरच्या पोरांकडे पाहिलं. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाला, "हे तुमचे कोण?"

खरं सांगायचं तर काका माझे कोणीच लागत नाहीत. पण पंपाच्या कोपऱ्यात माझं पीयूसी सेंटर आहे आणि जगातला सगळा धूर माझ्या खात्यावर जमा होतो, त्याबरोबर काकाही झाले. सेंटर म्हणजे काय, तर एक टपरी, एक कॉम्प्युटर, धूर तपासायचं मशीन आणि दोन स्टुलं. गाडी आली की नळीत दांडी घालायची, नंबर प्लेटचा फोटो काढायचा, सर्टिफिकेट हातात द्यायचं. माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या मागच्या बाजूला गेलं. धुरातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. काकांनी तो मोडला, आणि त्या जागी दुसरं काही दिलंही नाही.

थावरूकाका राठोड पलीकडच्या तांड्यावर राहतात. कापूस, सोयाबीन आणि बांधावर तूर. त्यांच्या पणजोबांची बैलांची लदेणी होती. पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन ही माणसं मीठ-धान्य पोचवत मुलूख फिरायची. काका ते असं सांगतात की जणू परवाच बैल सोडून आले आहेत. "आमच्या बैलाच्याही मांगून निंघे," ते म्हणतात, "पन ते शेतात कामी ये. तुमच्या गाडीचं कायच्या कामी येते?"

त्यांचा एकुलता एक मुलगा सचिन इंजिनियर झाला आणि पुण्याकडे एका गाड्यांच्या कंपनीत लागला. त्याचं काम काय, तर नव्या गाड्यांमधून निघणारा कार्बन कमी करणं. तांड्यावर कोणी विचारलं, "पोरगा काय करते?" तर काका छाती पुढे काढून सांगायचे, "कार्बन कमी करते." पुढचा माणूस विचारायचा, "म्हंजे?" तिथं काका तंबाखू काढायचे.

या सचिननं घरी गाडी घ्यायचं ठरवलं. शेवंताकाकूंचे गुडघे गेलेले. मोटरसायकलवर मागे आडवं बसून दारव्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे त्यांना रडू येई. सचिन म्हणाला, "बापू, कोनती घ्यायची ते तू ठरव. तू ठरवली का मी सुट्टी काढून येतो, संगच आनू." साधी गोष्ट. माणसं अशा वेळी रंग बघतात, शेजाऱ्याची कोणती आहे ते बघतात आणि त्याच्यापेक्षा एक बोट मोठी घेऊन टाकतात. काका म्हणाले, "ज्या गाडीचा कार्बन कमी, ते घेऊ." आणि तिथून जो घोळ सुरू झाला, त्यात दुसऱ्यांदा कापूस वेचून झाला तरी काकूंच्या बुडाखाली गाडी काही आली नाही.

तांड्यावर फोनला रेंज लागत नाही. माझ्या टपरीशी लागते. म्हणून रोज संध्याकाळी काका पायी येऊन माझ्या स्टुलावर बसायचे आणि सचिनचा फोन यायचा. फोन ते स्पीकरवर टाकायचे, कारण त्यांच्या मते मी या विषयातला जाणकार. सुरुवात घरच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, 'याडी' म्हणजे आईच्या चौकशीनं व्हायची. पण गोरबोलीत कार्बनला शब्द नाही, म्हणून दोघं मराठीवर यायचे. मराठी अपुरी पडली की हिंदी. शेवटी सचिन इंग्रजीत शिरायचा आणि काका मला म्हणायचे, "तू आयक. तुले समजलं का मले सांग." मला काही समजत नसे. मी मान हलवायचो.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "समजलं, पन उमजलं नाई." सचिननं काहीही सांगितलं, कितीही सोपं करून सांगितलं, तरी काका हेच म्हणायचे. आणि सचिन बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

पहिला झटका दुपट्ट्याला बसला. काकांनी अभिमानानं सांगितलं, की आज पंपावर एक गाडी पाहिली, टोक पांढरं ते पांढरंच राह्यलं, म्हणजे कार्बन नाही. सचिन म्हणाला, "बापू, फडक्याले लागते ते काजळी. मी ज्याचं काम करतो तो कार्बन डायऑक्साइड. तो दिसत नाई, त्याले वासबी नाई."

काकांनी दुपट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला उगाचच अपराधी वाटलं.

"दिसत नाई, वास नाई. मंग तो हाय हे कोनं सांगतलं?"

"मोजतेत बापू. एका किलोमीटरले इतके ग्रॅम, असं."

"ग्रॅम? धूर का तूर हाय मापायले?"

सचिननं नेटानं समजावलं. गाडी जेवढं पेट्रोल पिते, त्याच्यापेक्षा त्यातून निघणाऱ्या या वायूचं वजन जास्त भरतं, असंही सांगितलं. हे त्यानं सांगायला नको होतं. काका उभेच राहिले. जन्मभर कापूस विकलेला माणूस तो, वजन वाढलेलं दिसलं की आधी चोर शोधणार. "कमी घातलं आन् जास्त निंघालं? कापसावर पानी मारतेत तसं यात कोन मारते?"

"हवा बापू. हवेतला ऑक्सिजन त्याले जुळते."

"म्हंजे हवा फुकटची, आन् वजन गाडीच्या नावावर?" काका माझ्याकडे वळले. "तुह्या मशीनवर दाखव बरं ग्रॅम."

माझं मशीन टक्के दाखवतं, ग्रॅम दाखवत नाही. मी तसं सांगितलं. काकांनी मशीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग एवढे दिवस तू करून काय राह्यला?" मी मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन लावून विचारलं, ग्रॅम कसे बघायचे. तिकडच्या मुलीनं मला दोनदा माझं नाव विचारलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी घरी जेवायला बसलो, बायको भाजी परतत होती, गॅसची निळी ज्योत दिसत होती. मी विचारलं, "याचे किती ग्रॅम निघत असतील?" ती म्हणाली, "मी मिठाले कधी मापत नाई. चवीपुरतं घालतो." तिला समजावून सांगण्याएवढं मलाही समजलेलं नव्हतं.

दुपट्टा मात्र सुटला नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, फडक्यानं कार्बन दिसत नाई हे सचिननं सांगतलं ना? मंग काहून पुसता?" काका म्हणाले, "दिसते तेवढं तं पाहू दे. न दिसनारं सच्या पाहून राह्यलाच हाय तिकडं."

मग आली सरासरी. सचिननं एका संध्याकाळी सांगितलं, की सरकार एकेकट्या गाडीकडे बघत नाही. कंपनीनं वर्षभरात जितक्या नव्या गाड्या विकल्या, त्या सगळ्यांच्या कार्बनची सरासरी काढतात आणि ती ठरलेल्या हद्दीत बसली पाहिजे.

"म्हंजे एखांदी लय धूर सोडनारी असली तरी चालते?"

"चालते बापू, पन मंग तिच्या जोडीले कमीवाल्या विका लागते."

काकांनी डोळे बारीक केले. "म्हंजे मी लहान गाडी घेईन, आन् माह्या जिवावर दुसरा कोनी मोठी दामटन?"

मग सचिन हसायला लागला. "असं कंपनीत कोनी म्हनत नाई बापू. पन तसंच हाय थोडंसं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून काका पंपावरच्या मोठ्या गाड्यांकडे ज्या नजरेनं पाहायला लागले, ती नजर मी फक्त भावकीच्या भांडणात पाहिली आहे. पुसदच्या एका कंत्राटदाराची काळी, उंच गाडी आली. काका तिच्या खिडकीशी गेले आणि नम्रपणे हात जोडून म्हणाले, "तुमी आमच्या सरासरीत बसून राह्यले, ध्यानात असू द्या." कंत्राटदाराला ते राजकारणातलं काहीतरी वाटलं असावं. त्यानं काच वर केली, आणि उरलेले पैसे परत न घेताच गेला.

विजेच्या गाडीचं प्रकरण याहून वाईट. तांड्याच्या नाईकाचा मुलगा संतोष यानं विजेवरची गाडी आणली. तांड्यावरची पहिलीच. निंबाखाली गाडी उभी केली, बायका आरती घेऊन आल्या, चाकाखाली लिंबं ठेवली. वयानं मोठे म्हणून पूजेचा मान काकांना. मीही गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

आता काकांनी गाडीच्या पूजेत स्वतःची एक रीत घातली होती. पहिलं कुंकू समोर नाही लावायचं. मागच्या नळीला लावायचं. "जिथून पाप निंघते तिथं पयले हात जोडावं," असं त्यांचं म्हणणं. तर काका ताट घेऊन मागे गेले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग गुडघ्यावर बसले. मग नव्या धोतरानिशी पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. सगळा तांडा वाकून पाहायला लागला. खालून आवाज आला, "अबे संत्या, इची नळी कोनं चोरली!"

संतोषनं सांगितलं, या गाडीला नळी नसते. काका बाहेर आले, डोक्यावर माती. "असं कसं होईन? जे खाते ते सोडतेच."

"हे सोडत नाई काका. वीज खाते फक्त."

"कुठून खाते?"

संतोषनं कौतुकानं चार्जिंगच्या जागेचं झाकण उघडून दाखवलं. तो त्याचा गाढवपणा. काका म्हणाले, "मंग इथंच." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या भोकांमध्ये हळद, कुंकू, चिमूटभर अक्षता आणि वर पळीभर पाणी. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

गाडीनं पुढं चार्ज व्हायला साफ नकार दिला. यवतमाळहून मेकॅनिक आला. त्यानं बारीक चिमट्यानं एकेक तांदूळ बाहेर काढला आणि संतोषला विचारलं, "हे काय?" संतोष म्हणाला, "अक्षता." मेकॅनिकनं तळहातावरच्या तांदळाचा फोटो काढला आणि म्हणाला, वॉरंटीच्या कागदावर हे मी कोणत्या रकान्यात लिहू ते सांगा.

संध्याकाळी काकांनी हा सगळा वृत्तांत सचिनला दिला, अगदी गंभीरपणे, आपलं काय चुकलं हे विचारण्यासाठी. सचिन इतका हसला की त्याला ऑफिसच्या पायरीवर बसावं लागलं. काकांनी मध्येच स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून नुसतं ऐकत राहिले. मला वाटलं, म्हातारा शरमला.

त्यानंतर काही दिवस विजेच्या गाडीवर चर्चा चालली. धूर नाही म्हणजे हीच घ्यायची, असं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात काकांनी विचारलं, वीज कशाची? सचिन म्हणाला, बरीचशी चंद्रपूरच्या केंद्रातली, कोळशाची. काका म्हणाले, "वनीच्या कोयशाची?" सचिन म्हणाला, असंल. काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "म्हंजे नळी हाय! फक्त लांब हाय. गाडी तांड्यात, नळी चंद्रपुरात!" सचिननं समजावलं, की तरीसुद्धा एकंदरीत धूर कमीच पडतो, आणि सूर्याची वीज वाढेल तसा आणखी कमी होईल. काका म्हणाले, समजलं, पन उमजलं नाई. मी तोवर कशाच्याच बाजूनं राहिलो नव्हतो. पेट्रोल म्हटलं तरी पटायचं, वीज म्हटलं तरी पटायचं. माझ्याकडे पीयूसीला आलेल्या गाडीवाल्यांना मी उगाच विचारू लागलो, "तुमचं काय मत?" ते म्हणायचे, "लवकर करा, उशीर होऊन राह्यला."

आणि मग एका दुपारी शेवंताकाकू ऑटोतून माझ्या टपरीसमोर उतरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी स्टूल पुढे केलं.

"काय झालं काकू?"

"काय होते भाऊ. दारव्ह्याहून येत होतो. गतिरोधकावर गाडी उसळली आन् मी खाली. मांगून वरडली, पन हे कुठं आयकतेत? बोलत गेले. मी रस्त्यावर पडून, आन् हे पार तांड्यापावतर मले कार्बन सांगत गेले."

मला हसू आलं आणि ते गिळताना ठसका लागला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या हातानं पदर नीट केला. "तुमचं आयकतेत ते. सांगा त्यायले. कोनतीबी घ्या म्हना. धूर असो, नसो. मले खाली पडता नाई आलं पायजे, बस."

काकू गेल्या आणि मला काकांचा जो राग आला, तसा आजवर कोणाचा आला नव्हता. पृथ्वीची काळजी वाहणारा हा माणूस, आणि मागं बायको पडली हे याला कळत नाही! संध्याकाळी ते आले तसं मी मशीन बंद केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि समोर बसलो. सचिनचा फोन यायला थोडा वेळ होता.

"काका, आज गाडी ठरल्याशिवाय उठायचं नाई."

"सच्याले पुसू."

"सच्याले नाई पुसायचं. तुमी सांगा. काय अडचन हाय तुमची? एकेक बोला, मी उत्तर देतो." मला उत्तरं येत नव्हती, पण रागाच्या भरात माणूस असं बोलतो.

काका जमिनीकडे पाहत होते. मग खाली पाहतच बोलले, एका दमात.

"मोठी नको, दोघंच हाओ आमी. वजनदार गाडी जास्त पिते, जास्त सोडते. विजेची सगळ्यात बरी, पन तांड्यात लाइन टिकत नाई, आन् दवाखान्याच्या टायमाले ते चार्ज नसली तं शेवंताले कुठं नेऊ? म्हनून सध्या लहान, हलकी, कमी पिनारी पेट्रोलची. दरवाजा उंच पायजे, तिले वाकाले नाई लागलं पायजे. आन् लाइन सुधरली का मंग विजेची."

मी बघतच राहिलो. इतके दिवस चार भाषांमध्ये जो गुंता चालला होता, त्याचं टोक या माणसाच्या हातात होतं.

"हे तुमाले कधी ठाऊक झालं?"

"मांगच्या दिवाईले."

"मागच्या दिवाळीपासून ठाऊक हाय? मंग काहून घेतली नाई गाडी? काकूचा हात मोडला काका!"

काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पंपावर एक ट्रक येऊन डिझेल भरून गेला.

"सच्या पुन्याले गेला ना," ते म्हणाले, "तवा आठवड्यातून एकदा फोन करे. जेवला का, हो. याडी बरी हाय का, हो. पानी आलं का, आलं. ठेवू का, ठेव. झालं. त्याले कापसाचं पुसता नाई ये, मले त्याच्या कामाचं काई समजे नाई. मी फोन धरून बसो, आता काय बोलू, काय बोलू, तेवढ्यात ठेवून दे तो. त्याची काई चूक नाई. बोलाले पायजे ना काहीतरी दोघायजवळ."

मी माझं स्टूल जवळ ओढलं.

"गाडीचं निंघालं तवा मी म्हनलं, कार्बन म्हंजे काय रे? बाप्पा, असा बोलला तो! लहानपनी शाळेतून आला का बोले, तसा. मले वाटलं, समजलं म्हनून सांगतलं तं संपलं. म्हनून मी म्हनलं, उमजलं नाई." काका थांबले. "आता गाडी ठरली का तो कायले फोन करन?"

मी माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. माणूस चुकलाच होता, काकूंचा हात समोर होता. आणि माझ्या टपरीत स्टुलावर बसून तो ज्या पोरासाठी चुकला होता, त्याचा हसण्याचा आवाज मी रोज ऐकलेला होता.

"तिच्या हाताकडं पाहवत नाई मले," काका म्हणाले. "पाच-सहा खेपा उठलो मी, का आज सांगतो ठरली म्हनून. फोन आला का जीभ वळे नाई."

फोन वाजला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी फोन उचलला, स्पीकर लावला आणि रामराम न करता म्हणाले, "सच्या, गाडी ठरली."

"ठरली?" "कोनती बापू?"

काकांनी सांगितली. जशी मला सांगितली तशीच, उंच दरवाजासकट. काकूंच्या हाताचंही सांगितलं, आणि चूक आपली हेही सांगितलं. सचिन घाबरला, दोनदा विचारून त्यानं खात्री केली, शनिवारी निघतो म्हणाला. मग म्हणाला, "बरोबर ठरवली बापू. मीबी हेच म्हनलो असतो."

"हो."

"जेवला का?"

"जेवतो आता."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

फोन ठेवला गेला. काकांनी स्टूल उचलून टपरीच्या आत नेऊन ठेवलं. रोज मी ठेवायचो.

सचिन आला. उंच, चष्मेवाला, वडिलांसारखाच जरा वाकून चालणारा मुलगा. यवतमाळहून गाडी आणली, पांढरी. काकूंना पुढच्या सीटवर बसवलं. त्या न वाकता बसल्या आणि दवाखान्यापर्यंत एकदाही कोणाला धरलं नाही, असं मला त्यांनी स्वतः सांगितलं. ट्रॅक्टर चालवणारे काका ती गाडी लगेच शिकले. दोन दिवस राहून सचिन परत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका टपरीवर आले. पायीच. मी म्हटलं, गाडी का नाही आणली, तर म्हणाले, "एवढ्याश्यासाठी कायले जाळावं?" बसले. फोन मांडीवर. पंपावर गाड्या येत होत्या, जात होत्या. एक नवी कोरी आली, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अंधार पडायला लागला तसे म्हणाले, "कामात असन," आणि गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. त्याच्याही पुढच्या. मी मशीन चालू-बंद करत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या कार्बनची आठवण यायला लागली.

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं पंपावर तक्रार काढली, की हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, त्यानं गाडी कमी चालते. मी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत मनात घोळवत राहिलो. काका येऊन बसले तसा मी म्हणालो, "काका, एक गोष्ट मले समजून नाई राह्यली."

"कोनती?"

"पेट्रोलात उसाचं इथेनॉल घालतेत. आता ऊस वाढते तवा हवेतलाच कार्बन खाते म्हनते. मंग तोच ऊस गाडीत जळला तं तो कार्बन नवा धरायचा का जुना? आन् उसाले पानी देनारी मोटर चालते तिचा कार्बन कोनाच्या नावावर? गाडीच्या का शेतकऱ्याच्या?"

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे. खरं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं, आणि आता तर ते कोणी पटकन सांगू नये असंच वाटत होतं. काकांनी फोन उचलला आणि पहिल्यांदाच स्वतःहून सचिनला लावला.

"बापू, मी मिटिंगमध्ये हाओ, काय झालं? याडी बरी हाय ना?"

"बरी हाय. सच्या, ऊस जळला तं त्याचा कार्बन कोनाचा?"

"काय? ऊस?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब, बाहेर येतो." मग दार लागल्याचा, मग जिन्यावर पावलांचा. "हां बापू, बोल. हे तुले कोनं सांगतलं? नाई, प्रश्न चांगला हाय. आमच्या इथंबी यावर भांडन चालू हाय. तुले पयल्यापासून सांगा लागन. येळ लागन थोडा."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि माझ्या स्टुलावर नीट मागे सरकून बसले.

"सांग," ते म्हणाले. "हळू सांग बेटा. मले कुठंच जायचं नाई."